किरकोळ

अठ्ठावीस मार्च. मार्केट यार्डाकडनं
हळदीचा वास येतोय, घशात बसणारा.
मगदूम क्लार्क टेबलाच्या कडेवर
बोटांनी बेरीज करतोय.
"बाई, एकतीसला पैसे परत जातात.
खर्च दाखवा, नायतर पुढच्या साली एवढंपण नाही."

खडू, डस्टर. वीजबिल, थकीत धरून.
झाडू, फिनेल. स्नेहसंमेलनाच्या मंडपाची राहिलेली बाकी.
भिंतींची रंगरंगोटी: हा आकडा सगळ्यांत मोठा,
कारण साहेब येतात तेव्हा भिंतच आधी दिसते.

खाली पेन्सिलीनं मी एक ओळ वाढवली होती:
मुलांशी बोलायला कुणीतरी,
आठवड्यातून एकदा.
मगदूमनं चष्मा कपाळावर नेला.
"ह्याला शीर्ष नाही, बाई."
शीर्षांचंच तर चाललंय सगळं,
मी म्हटलं, पण मनात.

दिवाळीनंतर बुटाच्या खोक्याला फट पाडून
मी ते जिन्याखाली ठेवलं.
काहीही सांगा. नाव नको.
पहिले आठ दिवस नुसते चॉकलेटचे कागद.
मग, "खिचडीत वाटाणा घाला."
मग, "बाई तुम्ही हसल्यावर बऱ्या दिसता."
मग वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर, मुंगीच्या अक्षरात,
"संडासाला आतून कडी नाही
म्हणून मी शाळेत पाणी पीत नाही."

ही मी समितीच्या बैठकीत वाचली.
अध्यक्षा नसीमा शिकलगार दोन घरची भांडी उरकून आलेल्या,
ओढणीला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.
मागनं एक पालक म्हणाला,
"चाळीस रुपयाची कडी, बाई. मी लावतो की."
लावलीही, त्याच संध्याकाळी, जरा तिरकी.
ती हिशेबात आली नाही.
पावती कुठाय तिची?

आणि ती रेघ.
व्हरांड्याच्या भिंतीवर, माझ्या कपाळाला लागेल अशी,
पुरानं ओढलेली, मातकट, जवळजवळ सरळ.
चौथीतला आदिराज कोळेकर
मधल्या सुट्टीत तिथं पाठ टेकून उभा राहतो,
तळहात डोक्यावर सपाट धरतो,
मग वळून बघतो.
"उंची मोजतोस होय रे?"
"न्हाय. पाण्याखाली किती जाईन, ते."

बाराचा पाढा त्याचा सातावर अडतो.
पण आयर्विन पुलाची पातळी विचारा:
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
आणि कितीला त्याच्या आज्जीनं कोंबड्या सोडून दिल्या, तेही.
आत्ता पुलाखाली पाणी एवढंच आहे
की म्हशीची पाठ भिजत नाही.
तरी तो मोजतो.

ऐनापुरे पेंटर नखानं रेघ खरवडून म्हणाला,
"हे झाकायला दोन हात जास्ती लागतील.
असला डाग परत वर येतोय. पैसे वाढतील."
मी आदिराजला बोलावलं. तूच सांग.
त्यानं बराच वेळ घेतला, कॉलरचं बटण चावलं.
"खालचं रंगवा. वरचं पण रंगवा.
रेघ ऱ्हाऊ द्या.
मला अजून तीन इयत्ता हायत."

तर रंगाच्या खर्चात थोडे वाचले.
फार नाहीत.
मगदूमनं वही पुढं ओढली, वर न बघता विचारलं,
"ती आठवड्यातनं एकदा येणारी...
मिरजेहून येणार म्हणालात नव्हं? किती घेईल?"
"पैसे नको म्हणते. बसभाडं तेवढं."
त्यानं पेनाचं टोपण काढलं.
किरकोळ, असं लिहिलं. शाईनं.

शाळा सुटल्यावर खोकं उघडलं.
एकच चिठ्ठी, चार घड्यांची.
आत काही नाही, कोरी.
पावत्यांच्या फायलीत लावून ठेवलीय,
टाचणी मारून.